ओढणीच्या गाठीतलं काडतूस

कापड सुईखाली घ्यायच्या आधी त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवायचा, ही सवय मला मस्कतमधल्या गाला नावाच्या गॅरेजवस्तीने लावली. गावात मी झबली, फ्रॉक, फार तर उशांचे अभ्रे शिवायची. तिथे कापडात कापडाशिवाय दुसरं काय असणार? पण लग्न होऊन मस्कतला आले, आणि माझ्या मशीनखाली गाड्यांच्या सीटची कव्हरं यायला लागली. जुन्या सीटच्या शिवणीत काय काय अडकलेलं असतं सांगू? नाणी, खजुराच्या बिया, कानातलं, पोरांच्या पेन्सिली, एकदा तर दात. माणसाचा. असली टणक वस्तू जाड सुईखाली आली की सुई तुटते आणि तुकडा उडतो तो थेट डोळ्याकडे. म्हणून मामूंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पहिल्याच आठवड्यात एक फाटकी सीट पुढ्यात घेतली आणि तिच्यावरून सावकाश अंगठा फिरवत मला म्हणाले, "डोळ्यांनी नको बघू, बाय. डोळा फसतो. अंगठ्याने बघ." आज माझ्या हाताखाली दोन माणसं शिवतात, चष्म्याशिवाय मला दोरा ओवता येत नाही, पण अंगठा अजून तसाच आहे. नवीन साडी असो, मुलीचं दप्तर असो, तो आधी फिरून येतो.

आमचं घर गॅरेजांच्या रांगेच्या वरच्या मजल्यावर होतं. सकाळी अजान, मग शटरांचा खडखडाट, मग हवेच्या कॉम्प्रेसरचा फुसकारा, आणि मग डेंटिंगवाल्याचा हातोडा, जो दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचा नाही. खालून रेक्झिन आणि गोंद यांचा वास यायचा आणि आमच्या स्वयंपाकघरातून सुकटीचा, आणि जिन्यात मधोमध दोघांची गाठ पडायची. माझा नवरा सलीम दुक्मला, रिफायनरीच्या कामावर. तो महिन्याने एकदा यायचा, झोपायचा, जेवायचा आणि परत बसमध्ये बसायचा. म्हणजे माझं खरं लग्न झालं ते मामू-मामींशीच, असं मी गमतीने म्हणायची. मामी, माझी सासू, रायगडकडची. तांदळाच्या भाकरीला तिच्या हातात असा पापुद्रा सुटायचा की शेजारच्या गॅरेजमधली मल्याळी पोरंसुद्धा दारात येऊन "मामी, एक" म्हणायची. मी सातवीत शाळा सोडलेली, अरबीचं अक्षर ओळखत नव्हते, हिंदी बोलताना अडखळायची. ही दोघं मला एकदाही घालून पाडून बोलली नाहीत. त्याचंच मला भय वाटायचं. इतकं चांगलं मिळालंय तर कधीतरी काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल, असं मनात सारखं. रहिवासाचं कार्ड, ज्याला इथे सगळे बताका म्हणतात, ते मी कुर्त्याच्या आत चोरखिसा शिवून ठेवायची आणि दिवसातून कितीदा तरी चाचपायची. रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की काही केलेलं नसताना मी मामीच्या मागे व्हायची. "अगो, ते तुला बघतायत का?" मामी हसायची. "त्यांना आणखी कामं नाय?"

माझा भाऊ इक्बाल, भाई, तेव्हा अमेरिकेत होता. अब्बा लवकर गेले, त्यामुळे तो माझा भाऊही होता आणि बापही. अब्बांच्या चुलतभावाने त्याला तिकडे नेलं आणि पेट्रोलपंपाला लागून असलेल्या दुकानात काउंटरवर उभं केलं. पहिल्या पगारात त्याने मला मोटरचं शिलाई मशीन घेऊन दिलं. त्या मशीनवर हात बसला म्हणून मामूंच्या दुकानात माझी किंमत झाली. मी ज्या भाकरीला हात लावत होते ती त्याच्या मशीनची होती, हे मी कधी विसरले नाही.

ओमानमध्ये व्हॉट्सॲपवरून फोन लागायचा नाही, त्यामुळे भाई बोलून आवाज पाठवायचा. आमची सकाळ म्हणजे त्याची रात्र. मी पीठ मळत असायची आणि ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलमधून त्याचं दुकान बोलायचं. फ्रिजची घरघर, दार उघडलं की वाजणारी टिंग, आणि त्यात भाईचा आवाज. "जुबी, आज काय केलंय? सांदणं? कुणाला देतेस गो, मला तर देत नाय…" मग टिंग व्हायचं आणि आवाज मध्येच तुटायचा. गिऱ्हाईक आलेलं असायचं. पुढचा निरोप येईपर्यंत माझा हात पिठात तसाच थांबायचा. भाईच्या आधी त्या काउंटरवर जो माणूस होता त्याला दुकानातच गोळी लागली होती, हे मला चुलत्यांच्या सुनेकडून कळलं होतं. भाईने स्वतःहून ते कधी काढलं नाही.

त्या वर्षी त्याच्या निरोपांत एक विषय सारखा यायला लागला. आधी त्याच्या राज्यात सदऱ्याखाली पिस्तूल लपवून हिंडायचं तर परवाना लागायचा. वर्गात बसायचं, नेम दाखवायचा, बोटांचे ठसे द्यायचे, मग कार्ड मिळायचं. आता तो परवानाच काढून टाका म्हणून मोठी चळवळ उठली होती. दुकानाच्या दारात माणसं सह्या घ्यायला उभी राहायची. "म्हणतात, हक्क आहे, त्याला परवानगी कसली? चोर काय परवाना काढून येतो का?" भाई सांगायचा. "आणि आमच्याकडे एक म्हातारा येतो, पोलिसातून रिटायर झालेला. तो कॉफी ढवळत म्हणतो, मी आयुष्यभर लोकांच्या कमरेकडे बघत जगलो, आता तुम्हीपण बघा." शेजारच्या राज्यात झालं, त्याच्या शेजारी झालं, आणि मग एक दिवस भाईच्या राज्यातही झालं. तो निरोप छोटा होता. "झाला गो कायदा. आता कुणालाच काय लागत नाय." मागे फ्रिज घरघरत होता. मग टिंग.

त्याला तिकडे कायमचं राहण्याची कागदं मिळाली आणि तो पहिल्यांदा घरी निघाला. अम्मा गावात वाट बघत होती. वाटेत थोडे दिवस आमच्याकडे गालाला राहायचं, असं ठरलं. मी त्याला विमानतळावर ओळखलंच नाही. अंगाने भरलेला, पण डोळे हलके, कुठेच न टेकणारे. मामू त्याला खालच्या चहाच्या टपरीवर न्यायचे, चिप्स कोंबलेला पराठा आणि कडक चहा द्यायचे. तिथेही तो भिंतीला पाठ लावूनच बसायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेकडे बघायचा. सदरा बाहेर सोडलेला असला तर जास्तच. घरी जेवतानाही दाराकडे तोंड. मामीने दोन दिवस सोसलं, मग म्हणाली, "तुझा भाऊ जेवतो का राखण करतो?" सगळे हसले, भाईपण हसला, आणि हसताहसता त्याने पुन्हा दाराकडे बघितलं.

मी त्याला गच्चीत कपडे वाळत घालताना विचारलं, "भाई, तू पण ठेवतोस?"

त्याचा उजवा हात कमरेवर गेला. तिथे काही नव्हतं. "ठेवतो. तिकडे कुलपात ठेवून आलोय. आता उघडा पडल्यासारखं वाटतं."

"शिकलास कुठे?"

"क्लासला नाव घालणार होतो. तेवढ्यात कायदाच बदलला. मग कोण जातो? रविवारची सुट्टी. सरावाला गेलो थोडा, मित्राबरोबर." माझं तोंड बघून तो म्हणाला, "तू तिथे उभी राहा एक रात्र, मग तोंड वाकडं कर. येणाऱ्या प्रत्येकाकडे असू शकतं. मग माझ्याकडे नको?"

मी पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला. 

तो शुक्रवार. दोन दिवसांनी भाईचं पुढचं विमान होतं. अर्बाब दुपारी जेवायला येणार होते. अर्बाब म्हणजे ज्यांच्या नावावर मामूंच्या दुकानाचा परवाना होता, आमची सगळ्यांची कागदं ज्यांच्या सहीने चालायची, ते ओमानी गृहस्थ. मामू त्यांच्याकडे तरुणपणापासून. त्यांना मामीची सांदणं आणि नारळाच्या रसातली सुरमई फार आवडायची. जुम्माच्या नमाजला निघताना भाईने खांद्याची बॅग माझ्यापुढे टाकली. "पट्टा सुटतोय बघ. शिवून ठेव जरा." आणि मामूंच्या मागे जिना उतरला.

मामी सुरमईला हळद-मीठ लावत होती. मी बॅग मांडीवर घेतली. पट्टा जिथे बॅगेला जोडला होता तिथली शिवण उसवली होती, अस्तरही फाटलं होतं. दोन टाके आत, मग सरळ, इतकंच काम. अंगठा फिरवला. तळाशी, अस्तर आणि जाड कापड यांच्या मध्ये, काहीतरी टणक लागलं. पेनाचं टोपण असेल. मी दाबून बघितलं. गोल, गुळगुळीत, एका बाजूला निमुळतं. फाटक्या अस्तरात बोटं घालून ते वर सरकवलं आणि तळहातावर घेतलं. पितळेचं, टोकाला तांबूस. गावात रानडुकरं मारायला जाणाऱ्यांची काडतुसं मी बघितली होती, ती जाड आणि लाल. हे तसं नव्हतं. पण कुणी सांगायची गरज नव्हती.

माझ्या कानात हातोडा वाजत होता. शुक्रवार होता, डेंटिंगवाला सुट्टीवर होता, ते माझंच रक्त होतं. "झालं का गो शिवून?" मामीने आतून विचारलं आणि तिची पावलं वाजली. मी काही ठरवलं नाही. हाताने ओढणीचं टोक घेतलं, त्यात ते गुंडाळलं आणि गाठ मारली, गावात बायका विड्याची सुपारी बांधतात तशी. मामी दारात येऊन उभी. "चेहरा का असा? चक्कर येते?" "नाय मामी. उकडतंय." "थंडीत?" ती म्हणाली आणि नारळ खवायला गेली.

या देशात परवान्याशिवाय असली वस्तू सापडली तर काय होतं ते नीट मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे सगळंच डोळ्यांपुढे येत होतं. भाई तुरुंगात. अम्मा दारात बसलेली. मामूंचं दुकान बंद. आणि सलीमला दुक्मला कुणीतरी सांगतंय की तुझ्या बायकोच्या भावाने. मी मसाला वाटत होते आणि ओढणी कमरेला खोचून पुन्हा पुन्हा गाठीवर हात ठेवत होते. मामी बघत नाही ना, हे बघत होते. खालून कुणी हाक मारली की दचकत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की भाई इतके दिवस आमच्या घरात कसा बसला होता. अंगावर लपवलेलं काही असलं की समोरच्याचा चेहरा चेहरा राहत नाही.

नमाज होऊन मामू, भाई आणि अर्बाब वर आले. मी भाईला पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेतलं आणि गाठ त्याच्या हातावर टेकवली. त्याने ती चाचपली. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"या अल्ला. कुठे?"

"बॅगेच्या अस्तरात."

"ही बॅग मी सरावाला न्यायचो." तो कुजबुजत होता. "सुटं पडलं असणार. मोठ्या सामानात गेली होती गो, तिकडे धरली नाय, इथे उतरताना धरली नाय… परवा धरली असती. नायतर मुंबईला." त्याने भिंतीला हात लावला. "दे इकडे. मागच्या वादीत फेकून येतो."

वादी म्हणजे आमच्या मागची कोरडी नदी. संध्याकाळी तिथे मजूर क्रिकेट खेळायचे, पोरं दगड गोळा करायची.

"आणि कुणाला सापडलं तर? एखाद्या बंगाली पोराच्या खिशात निघालं तर त्याला कोण विचारणार, तुझं हाय का?"

"जुबी, कुणाला कळलंय? तुला नि मला. मग झालं की."

"अमेरिका वाला! पानी पीने में इतना टाइम?" बैठकीतून अर्बाबांची हाक आली. भाई गेला. गाठ माझ्याकडेच राहिली.

अर्बाब त्या दिवशी पुतण्याच्या लग्नाच्या गडबडीतून आले होते. पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला फेटा, आणि कमरेच्या चांदीच्या पट्ट्यात बरोब्बर मधोमध खंजर. वाकड्या म्यानाचा, चांदीच्या तारांनी मढवलेला. इथे लग्नाला, ईदला पुरुष तो घालतात, जसा आपल्याकडे कुणी शेला घेईल. मला त्याची सवय झाली होती. मी सांदणांचं ताट घेऊन आले, जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवलं. ओढणी डोक्यावरून छातीशी घट्ट. अर्बाब सुरमईकडे झुकले, म्यान मांडीला टोचलं म्हणून त्यांनी मुठीला हात घालून ते बाजूला केलं, आणि भाई एकदम मागे सरकला. उजवा हात कमरेवर. पाण्याचा पेला कलंडला. सांदणांपर्यंत ओघळ आला.

 मामू घाईने फडकं शोधायला लागले.

"अरे, इस से डर गया?" अर्बाब म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना नवल वाटलं होतं. "ये मेरे दादा का है. सब को दिखता है. इस से कौन डरता है? ये निकालने का नहीं, पहनने का है. निकाला तो शरम." त्यांनी भाईच्या हाताकडे बघितलं, जो अजून कमरेवर होता. "तुम्हारे उधर किधर पहनता है?"

"अंदर," भाई म्हणाला. "दिखता नहीं."

"किसके पास है, किसके पास नहीं, कैसे मालूम?"

"नहीं मालूम पड़ता, बाबा."

"लैसन? परमिट?"

"अभी नहीं लगता. पहले लगता था." मग तो भराभर बोलायला लागला, मोडक्या हिंदीत, की काउंटरवर एकटा असतो, की त्याच्या आधीच्या माणसाचं काय झालं, की त्याला दोन मुली होत्या, की दार वाजलं की नजर आधी येणाऱ्याच्या कमरेवर जाते. हे सगळं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते, तिथेच उभी राहून. मामीने डोळे पुसले. अर्बाब जेवायचे थांबले आणि त्यांनी भाईच्या पाठीवर हात ठेवला. "खाओ, बेटा. इधर कोई नहीं आता."

 इधर कोई नहीं आता. आणि मी काडतूस ओढणीत बांधून त्यांच्याच पुढ्यात उभी होते, त्यांच्याच सहीवर राहत असलेल्या घरात. जेवणं झाली. मी कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली आणि छोटे पेले, फिंजानं, घेऊन आले. ओतताना कहवा दस्तरखानावर सांडला तेव्हा मामूंनी किटली माझ्याकडून घेतली. "काय झालं, बाय?" ते हळूच म्हणाले. मी खाली बसले. भाई माझ्याकडे बघत होता, आणि मानेने नको, नको म्हणत होता. मी गाठ सोडायला लागले. ओल्या बोटांनी सुटेना. दातांनी सोडली. काडतूस दस्तरखानावर घरंगळलं आणि खजुरांच्या बशीला लागून थांबलं.

"ये सिलाई में मिला," मी म्हणाले. माझ्या तोंडून हिंदी इतकी सरळ आधी कधी निघाली नव्हती.

अर्बाबांनी त्याला हात लावला नाही. "किसका?"

मामूंनी काडतुसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भाईकडे नाही. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि क्षणात सगळं कळलं होतं. "अर्बाब, कोई गाड़ी का सीट में से निकला होगा," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "आप को तो मालूम, सीट में से क्या क्या निकलता है. एक बार दाँत निकला था."

खोटं इतकं चोख होतं की त्यात टाचणीही शिरली नसती. शेकडो गाड्या आमच्या हाताखालून गेल्या होत्या. भाईने फक्त गप्प बसायचं होतं. पण मग विचारणा झाली असती ती मामूंना, आणि अर्बाबांना, ज्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. मी भाईकडे बघत होते. तो म्हाताऱ्या मामूंकडे बघत होता, ज्यांनी चार दिवस त्याला पराठा भरवला होता.  मामूंनी परत सुरुवात केली, "वो लाल वाला जीप…"

"मेरा है," भाई म्हणाला. "बाबा, मेरा है. बैग में रह गया. मैं भूल गया था."

अर्बाबांनी फिंजान खाली ठेवलं.  मग उठले, पट्टा सारखा केला. "यल्ला, चलो."

"किधर?" मामूंचा आवाज चिरका झाला.

"पुलिस स्टेशन. अभी. मैं साथ में."

भाई वाकून काडतूस उचलायला गेला आणि सवयीने हात खिशाकडे नेला. "जेब में नहीं!" अर्बाब पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "खुला रखो. सब देखे." मामी आत धावली आणि खजुराचा रिकामा, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली. त्यात ते एवढंसं वाजत होतं. भाईने तो डबा दोन्ही हातांत पुढे धरला, मशिदीत खीर घेऊन जावी तसा, आणि जिना उतरला. त्याच्यापुढे लग्नाच्या कपड्यांतले अर्बाब, मागे मामू. भाईने वळून विचारलं, "बाबा, क्या होगा?" अर्बाब म्हणाले, "मालूम नहीं. इन्शाल्ला, अच्छा."

मी दारात उभी राहिले. मामी दस्तरखान गुंडाळत होती. मला वाटलं, आता ती बोलणार. मी वाट बघत होते, तिने बोलावं म्हणूनच. ती म्हणाली, "मगासपासून ते तुझ्या अंगावर होतं?"

"हो, मामी."

"आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस." ती माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या ओढणीचं ते टोक, चुरगळलेलं, दातांनी ओलं झालेलं, हाताने सरळ केलं. "परत असं एकटीने धरून बसायचं नाय. कळलं?" मग तिने माझ्यापुढे सुपात डाळ टाकली. निवडलेलीच होती. मी ती पुन्हा निवडली.

मावळतीच्या, मगरिबच्या अजानच्या आधी मामू आणि अर्बाब परत आले. भाई नव्हता. मी जिन्यातच बसले. "ठेवून घेतलंय," मामू म्हणाले. "मारलं नाय, ओरडले नाय. चहा दिला. उद्या वरचा साहेब बघेल." ठाण्यातल्या साहेबाने भाईला विचारलं होतं, तुमच्याकडे हे बाळगायला काय लागतं? भाई म्हणाला, काही नाही. शिकवत नाहीत? नाही. घरून निघताना सामान तपासा असं कुणी सांगत नाही? नाही. साहेबाला वाटलं दुभाषा चुकतोय, त्याने दुसरा बोलावला. उत्तर तेच आलं. मामू हे सांगताना हसले आणि मग त्यांना हसू आवरेना, आणि मग ते हसू नव्हतं.

अम्माला मी आवाज पाठवला, भाईची फ्लाइट पुढे गेलीय, काळजी करू नको. तीन वेळा बोलून पुसला, चौथ्यांदा आवाज सरळ आला. दुसऱ्या दिवशी अर्बाब पुन्हा गेले. लग्न संपलं होतं, तरी खंजर घालून गेले, आणि त्या माणसासाठी मी उभा आहे असं लिहून दिलं. दुपारी भाई घरी आला. काडतूस तिथेच राहिलं. डबा मात्र त्यांनी परत दिला होता. मामीने तो घासला, पुन्हा घासला आणि मग कचऱ्यात टाकला.

विमानतळावर भाईने बॅग माझ्यापुढे धरली. तळाची शिवण मी दुहेरी घातली होती. तरी अंगठा फिरवला, सगळ्या कडांवरून, लोक बघत होते. मग मी त्याला मिठी मारली आणि माझा हात त्याच्या कमरेवरून फिरला, मी न सांगता.

"काय शोधतेस गो?"

"काय नाय."

त्याने बॅग खांद्याला लावली. आत गेला.

यानंतर एकेक करत आणखी कितीतरी राज्यांत तो कायदा आला. भाई आता दुसऱ्याच्या काउंटरवर नाही, स्वतःचं छोटं दुकान आहे. इथून गेल्यावर त्याने तो क्लास केला, कुणी सांगितलेलं नसताना. वर्गात तो आणि एक म्हातारी, दोघंच होते म्हणे. पिस्तूल मात्र सुटलं नाही. मी विचारलं तर म्हणतो, "समोरचा उतरवेल तेव्हा मी उतरवेन." मी त्याच्याशी भांडत नाही. तिथे उभं राहणारा तो आहे. मी हे लिहीत होते तेव्हा माझी मुलगी डोकावून अडखळत वाचायला लागली, "का-ड-तूस म्हणजे काय, अम्मी?" मी सांगितलं. "ओह, बुलेट," ती म्हणाली आणि निघून गेली.

अम्मा गेल्यावर भाईला गावाला जायचं काही कारण उरलं नाही, पण गेल्या वर्षी तो मामूंना बघायला आला. मामू आता अंथरुणावर असतात, अर्बाब काठी घेऊन त्यांना भेटायला येतात. मी विमानतळावर उभी होते. भाई बाहेर आला, केस पिकलेले, सामानाची गाडी ढकलत. माझ्यापासून दोन हातांवर तो थांबला. बॅग खाली ठेवली, आणि मिठीसाठी पुढे न येता दोन्ही हात अंगापासून लांब करून उभा राहिला, मापं द्यायला शिंप्यापुढे उभं राहावं तसा.

"बघ, गो," तो म्हणाला. "आधी बघून घे."

मी बघितलं. कमर, पाठ, सदऱ्याची शिवण. अंगठ्याला काही लागलं नाही. तरी मी पुन्हा एकदा फिरवला.